मोट बांधणे आणि मोट राखणे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



एखाद्या प्रबळ राष्ट्राला युद्ध पुकारण्यास फार काळ लागत नाही. काळ लागतो तो इतरांना आपल्या बाजूस उभे करण्यास. आणि त्याहून अधिक कष्ट पडतात ते युद्ध संपेपर्यंत त्यांना तेथेच उभे ठेवण्यास. मराठीत ‘मोट बांधणे’ हा वाक्प्रचार याच खटाटोपासाठी आहे. निरनिराळ्या आकारांच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या वस्तू एका फडक्यात घालून वर गाठ मारावयाची. गाठ सैल राहिली तर वस्तू सांडतात, फार आवळली तर फडके फाटते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी अशा दोन मोटी बांधल्या गेल्या. दोन्ही वेळा बांधणारा देश एकच, अमेरिका. दोन्ही वेळा प्रतिपक्ष एकच, सद्दाम हुसेन यांचा इराक. पहिल्या वेळी, १९९०-९१ मध्ये, अध्यक्षपदी जॉर्ज बुश होते; दुसऱ्या वेळी, २००३ मध्ये, त्यांचेच त्याच नावाचे पुत्र. पहिल्या मोटेत तीसहून अधिक देश होते, त्यांत अरब होते, आणि खर्चाचा मोठा वाटा इतरांनी उचलला. दुसऱ्या मोटेत कागदावर त्याहून अधिक नावे होती. परंतु आक्रमणाच्या वेळी ज्यांचे सैनिक प्रत्यक्ष जमिनीवर उतरले असे देश प्रामुख्याने चारच. बारा वर्षांत हा फरक का पडला, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले आणि काही तासांत तो चिमुकला, श्रीमंत देश गिळंकृत झाला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने ६६० क्रमांकाचा ठराव केला आणि इराकने विनाअट माघार घ्यावी अशी मागणी केली. ठरावाच्या बाजूने चौदा मते पडली, विरोधात एकही नाही. येमेनने मतदानात भाग घेतला नाही. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री एडुआर्ड शेवर्दनात्झे यांनी इराकचा निषेध करणारे संयुक्त निवेदन काढले. इराक हा सोव्हिएत संघाचा जुना मित्र आणि त्याच्या शस्त्रांचा मोठा ग्राहक. शीतयुद्धाच्या चाळीस वर्षांत असे निवेदन कल्पनेतही आले नसते. या मोटेची पहिली गाठ मॉस्कोत बसली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

दुसरी गाठ जेद्दामध्ये बसली. ६ ऑगस्ट रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री डिक चेनी आणि जनरल नॉर्मन श्वार्झकॉफ राजे फाहद यांना भेटले. मक्का आणि मदिना या दोन पवित्र नगरांचा रक्षक म्हणविणाऱ्या राजाने मुस्लिमेतर सैन्याला आपल्या भूमीवर बोलवावे, ही साधी गोष्ट नव्हती. बोलावू तेव्हाच यावे आणि सांगू तेव्हा निघून जावे, हे आश्वासन मिळाल्यावर राजांनी संमती दिली. पुढे ज्येष्ठ धर्मशास्त्री शेख बिन बाझ यांच्याकडून त्याला धर्माज्ञेचा आधार मिळाला. या संमतीची किंमत अमेरिकेने लहानसहान गोष्टींत रोज मोजली. सैनिकांना मद्य वर्ज्य झाले, त्यांच्या प्रार्थना लोकांच्या दृष्टीआड होऊ लागल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्या सैन्याला भेटावयास गेलेल्या खुद्द अध्यक्षांना सणाची प्रार्थना सौदी भूमीवर करता आली नाही. ती ‘नॅसॉ’ या युद्धनौकेवर झाली.

सौदी राजा एकटा पडू नये, म्हणून तिसरी गाठ अरब जगात बसणे आवश्यक होते. १० ऑगस्ट रोजी कैरो येथे अरब लीगची शिखर परिषद भरली. इजिप्तचे अध्यक्ष होस्नी मुबारक यजमान होते. सौदी अरेबियाच्या साहाय्यास अरब सैन्य पाठवावे, या ठरावास बारा देशांनी पाठिंबा दिला. बहुमत झाले खरे, पण निसटते. अरब जग दुभंगले आहे हे त्याच दिवशी सर्वांना दिसून आले. जॉर्डनचे राजे हुसेन तटस्थ राहिले. पॅलेस्टिनी नेते यासर अराफत इराककडे झुकले, आणि त्याची किंमत युद्धानंतर कुवेतमधून घालवून दिलेल्या लक्षावधी पॅलेस्टिनींनी मोजली.

तत्त्वांची भाषा येथपर्यंत पुरली. पुढचा मार्ग व्यवहाराचा होता. इजिप्तवरील सुमारे ७ अब्ज डॉलरचे लष्करी कर्ज अमेरिकेने माफ केले. तुर्कस्तानचे अध्यक्ष तुर्गुत ओझाल यांनी आपल्या भूमीतून जाणारी इराकची तेलवाहिनी बंद केली. त्यांच्या धोरणाशी न पटल्यामुळे तुर्की सरसेनापतींनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला, तरी ओझाल डगमगले नाहीत. सीरियाची कथा सर्वांत उद्बोधक आहे. दहशतवादाला आश्रय देणाऱ्या राष्ट्रांच्या अमेरिकी यादीत सीरियाचे नाव १९७९ पासून होते. तरीही २३ नोव्हेंबर १९९० रोजी बुश जिनिव्हा येथे सीरियाचे अध्यक्ष हाफिझ अल्-असद यांना भेटले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये सीरियन सैन्याने लेबनॉनमध्ये जनरल औन यांचा पाडाव केला होता आणि वॉशिंग्टनने त्याविषयी मौन पाळले होते. एका लहान देशाच्या स्वातंत्र्यासाठी बांधलेल्या मोटेत दुसऱ्या लहान देशावर पकड बसविणाऱ्याचा समावेश झाला. नीतीच्या दृष्टीने हा विसंवाद उघड आहे; मोट बांधणाऱ्याच्या दृष्टीने तो अटळ होता.

२९ नोव्हेंबर १९९० रोजी सुरक्षा समितीपुढे ६७८ क्रमांकाचा ठराव आला. १५ जानेवारी १९९१ पर्यंत इराकने माघार न घेतल्यास सदस्य राष्ट्रांना ‘सर्व आवश्यक साधने’ वापरण्याची मुभा त्यात होती. युद्ध हा शब्द टाळला होता, कारण तो शब्द असता तर सोव्हिएत संमती मिळाली नसती. बाजूने बारा मते पडली. क्यूबा आणि येमेन विरोधात गेले, चीन तटस्थ राहिला. चीनने नकाराधिकार वापरला नाही, हेच बेकर यांचे यश होते. दुसऱ्या दिवशी चीनचे परराष्ट्रमंत्री च्येन छिचेन यांचे व्हाइट हाउसमध्ये स्वागत झाले. तिआनमेन चौकातील १९८९ च्या हत्याकांडानंतर चीनवर घातलेला बहिष्कार अशा रीतीने सैल झाला. येमेनला मात्र तुमचे हे मत फार महाग पडेल असे अमेरिकी बाजूने बजावण्यात आले, आणि तसेच घडले. अमेरिकेने मदत तोडली. सौदी अरेबियाने तर त्याआधीच तेथे राबणाऱ्या येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेतल्या होत्या आणि लाखो कुटुंबे सामानसुमान घेऊन मायदेशी परतत होती.

हे युद्ध त्या वेळीही निर्विवाद नव्हते, ही गोष्ट पुढे विस्मरणात गेली. आर्थिक निर्बंधांना आणखी अवधी द्यावा, असे म्हणणारे अमेरिकेतच पुष्कळ होते. १२ जानेवारी १९९१ रोजी सेनेटने युद्धाला मान्यता दिली ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी. फ्रान्सचे संरक्षणमंत्री ज्याँ-पिएर शेव्हेन्मां यांनी युद्ध चालू असतानाच राजीनामा दिला. सुरक्षा समितीचा ठराव हाती नसता, तर त्या पाच मतांचे काय झाले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बाहेरची मोट आतल्या मतभेदांनाही बांधून ठेवते, ती अशी.

पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. युद्धाचा एकूण खर्च सुमारे ६१ अब्ज डॉलर झाला. त्यांपैकी सुमारे ५४ अब्जांचा भार इतर देशांनी पैशाच्या वा वस्तूंच्या रूपाने उचलला. सौदी अरेबिया आणि कुवेत यांचा वाटा प्रत्येकी सुमारे १६ अब्जांचा होता. जपानने सुमारे १० अब्ज दिले. जपानची राज्यघटना सैन्य पाठविण्याच्या आड येत होती, म्हणून त्याने कर वाढवून रक्कम उभी केली. परंतु युद्ध संपल्यावर कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत जाहिरात देऊन साहाय्यक देशांचे आभार मानले, तेव्हा त्या यादीत जपानचे नाव नव्हते. हा सल जपानी राज्यकर्त्यांच्या मनात खोल रुतला. १९९२ मध्ये शांतिकार्यासाठी परदेशी सैनिक पाठविण्याचा कायदा तेथे झाला, त्यामागे या अवमानाचा वाटा होता.

या मोटेची झळ आपल्या देशालाही लागली. कुवेत आणि इराकमध्ये अडकलेल्या भारतीयांना अम्मानमार्गे मुंबईस आणण्याचे काम १९९० च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालले. एअर इंडियाच्या जवळजवळ पाचशे उड्डाणांतून लाखाहून अधिक माणसे परतली. त्यासाठी परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दाम यांना आलिंगन दिल्याबद्दल टीकेचे धनी झाले. लाखो नागरिक ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्याशी कठोर कसे व्हावे, हा पेच त्या आलिंगनात होता. पुढे जानेवारी १९९१ मध्ये पंतप्रधान चंद्रशेखर यांच्या सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबई व अन्य विमानतळांवर इंधन भरण्याची अनुमती दिली. ते उघड होताच काहूर उठले. ज्यांच्या पाठिंब्यावर सरकार उभे होते त्या काँग्रेसचे नेते राजीव गांधी यांनी आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत ती सवलत थांबली. मोटेत सामील न झालेल्या देशालाही मोटेच्या ओढीपासून अलिप्त राहता येत नाही, याचे हे उदाहरण होय.

१७ जानेवारी १९९१ रोजी हवाई हल्ले सुरू झाले. येथून पुढे प्रश्न मोट बांधण्याचा नव्हता, राखण्याचा होता. पहिला पेच सैन्याच्या अधिपत्याचा. अरब सैनिक अमेरिकी सेनापतीच्या हुकमतीखाली लढत आहेत, असे दृश्य रियाधला आणि कैरोला परवडणारे नव्हते. म्हणून दोन समांतर अधिपत्ये निर्माण झाली. पाश्चात्त्य सैन्याची सूत्रे श्वार्झकॉफ यांच्याकडे, तर अरब व मुस्लिम सैन्याची सौदी राजपुत्र खालिद बिन सुलतान यांच्याकडे. मध्ये समन्वयाचे एक केंद्र. एका फौजेला एकच सेनापती हवा, हा युद्धशास्त्राचा जुना नियम येथे जाणूनबुजून मोडला गेला. इजिप्त आणि सीरिया यांचे सैन्य इराकच्या भूमीत शिरणार नाही, कुवेतपुरतेच लढेल, हेही मान्य झाले. कुवेत शहरात प्रवेश करण्याचा मान अरब तुकड्यांना देण्यात आला. लष्करी सोयीपेक्षा सहकाऱ्यांची अब्रू अधिक मोलाची मानली गेली.

दुसरा पेच याहून अवघड होता. १८ जानेवारीच्या पहाटे इराकची स्कड क्षेपणास्त्रे इस्रायलवर पडू लागली. इस्रायल या युद्धात नव्हता. परंतु सद्दाम यांचा हिशेब अचूक होता. इस्रायलने प्रत्याघात केला तर इस्रायलच्या बाजूने लढणारे अरब, असे चित्र उभे राहील आणि सीरिया, कदाचित इजिप्तही, मोटेतून बाहेर पडेल. सहा आठवड्यांत सुमारे ४० क्षेपणास्त्रे इस्रायलवर आदळली. विषारी वायूच्या भयाने लोक मुखवटे चढवून बंद खोल्यांत रात्री काढीत होते. ज्या देशाचे सारे संरक्षणशास्त्र ‘मारणाऱ्यास तत्काळ मारावे’ या एका सूत्रावर उभे, त्याने हात बांधून बसावे, अशी ही मागणी होती. अमेरिकेने आपले उपपरराष्ट्रमंत्री लॉरेन्स ईगलबर्गर यांना इस्रायलमध्ये पाठविले आणि पेट्रिअट क्षेपणास्त्रांच्या तुकड्या रवाना केल्या. पश्चिम इराकच्या वाळवंटात स्कडचा शोध घेण्यासाठी विमाने आणि ब्रिटिश-अमेरिकी कमांडो मोठ्या संख्येने वळविले गेले. त्याच वेळी आकाशात मित्र-शत्रू ओळखण्याचे संकेत इस्रायलला देण्याचे अमेरिकेने नाकारले, म्हणजे इस्रायली विमानांची वाटच अडविली. पंतप्रधान यित्झाक शमीर संयमी म्हणून ओळखले जात नसत, तथापि त्यांनी प्रत्याघात केला नाही. पेट्रिअट क्षेपणास्त्रांनी प्रत्यक्षात किती स्कड पाडली याविषयी पुढे तज्ज्ञांनी गंभीर शंका घेतल्या. परंतु त्यांचे राजकीय काम साधले होते. या मोटेतील सर्वांत महत्त्वाचा देश मोटेबाहेर होता आणि त्याने काहीही न करणे हेच त्याचे योगदान होते.

२४ फेब्रुवारीला भूमीवरील चढाई सुरू झाली आणि शंभर तासांत, २८ फेब्रुवारीला, थांबली. कुवेत मुक्त झाले. बगदादचा मार्ग मोकळा असता सैन्य थांबले का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात थोरले बुश आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी त्याचे कारण दिले आहे. बगदादवर चालून गेले असते तर मोट तत्काळ तुटली असती, अरब सहकारी निघून गेले असते, आणि अमेरिका परक्या भूमीवर सत्ताधारी होऊन बसली असती. सुरक्षा समितीचा ठराव कुवेतपुरता होता, सहकाऱ्यांची संमती कुवेतपुरती होती. म्हणून युद्धही कुवेतपुरते राहिले.

येथे थांबून मोटेचे गुणगान करणे सोपे आहे. परंतु या मर्यादेची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याविना हिशेब पुरा होत नाही. १५ फेब्रुवारी रोजी बुश यांनी इराकी सैन्याला आणि जनतेला सद्दाम यांना दूर सारण्याचे जाहीर आवाहन केले होते. मार्चमध्ये दक्षिणेत बसरा, नजफ, करबला येथील शिया आणि उत्तरेतील कुर्द उठले. ३ मार्च रोजी सफवान येथे युद्धबंदीची बोलणी झाली, तेव्हा इराकी सेनापतींनी हेलिकॉप्टर उडविण्याची परवानगी मागितली आणि श्वार्झकॉफ यांनी ती दिली. त्याच हेलिकॉप्टरांनी उठाव चिरडण्यास हातभार लावला. हजारो माणसे मारली गेली. पंधरा लाखांहून अधिक कुर्द बर्फाळ डोंगर चढून तुर्कस्तान आणि इराणच्या सीमांकडे पळाले. इराकचे तुकडे व्हावेत असे तुर्कस्तानला नको होते, शियांचे राज्य यावे असे सौदींना नको होते. मोटेने युद्धाला आवर घातला, आणि त्याच मोटेने उठलेल्या माणसांकडे पाठ फिरविली. ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत. सौदी भूमीवरून ‘सांगू तेव्हा’ निघून जाणारे सैन्य २००३ पर्यंत तेथेच राहिले, आणि त्या निमित्ताने ओसामा बिन लादेन यांना आपल्या द्वेषाचे भांडवल मिळाले, हेही याच हिशेबात धरावे लागते.

आता दुसरी मोट. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सारे जग अमेरिकेच्या बाजूस होते. तथापि धाकट्या बुश यांच्या सरकारात एक निराळे सूत्र रूढ झाले. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड त्याचे उद्गाते होते: कार्य आधी ठरावे आणि कार्यानुसार सहकारी निवडावेत, सहकाऱ्यांना कार्य ठरवू देऊ नये. हे सूत्र प्रथमदर्शनी बिनतोड वाटते. परंतु १९९१ ची मोट टिकली ती नेमकी उलट्या कारणाने; तेथे सहकाऱ्यांच्या संमतीने कार्याची सीमा आखली होती. ज्याला सीमा आखण्याचा अधिकार नाही तो सहकारी उरत नाही, अनुयायी होतो. आणि अनुयायाला मानधन तरी लागते किंवा भय तरी.

८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा समितीने १४४१ क्रमांकाचा ठराव पंधरा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. सीरियानेही बाजूने मत दिले. हे एकमत मात्र शब्दांच्या संदिग्धतेवर उभे होते. इराकने सहकार्य न केल्यास ‘गंभीर परिणाम’ होतील, असे ठराव म्हणत होता. ते परिणाम कोणी आणि कधी ठरवावयाचे, याचा अर्थ वॉशिंग्टनने एक लावला, पॅरिसने दुसरा. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा समितीपुढे पुरावे मांडले. त्यांतील महत्त्वाचे पुरावे पुढे टिकले नाहीत. १४ फेब्रुवारीला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपां यांनी युद्धविरोधी भाषण केले तेव्हा त्या गंभीर दालनात टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी जगभरच्या शहरांत लक्षावधी माणसे रस्त्यावर आली.

ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना स्वपक्षासाठी दुसरा ठराव हवा होता. त्यासाठी पंधरांपैकी नऊ मते लागत. अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान या सहा देशांवर सारी भिस्त होती. सारेच देश गरजू किंवा अमेरिकेशी व्यापाराने जखडलेले. तरीही ते वळले नाहीत. त्या दिवसांत सुरक्षा समितीतील अशा देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्याच्या अमेरिकी सूचनेचा कागद लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्राने छापला. चिलीचा अमेरिकेशी व्यापार-करार तोंडावर होता. युद्धानंतर तो झाला, पण सिंगापूरच्या कराराप्रमाणे व्हाइट हाउसमध्ये नव्हे, मायामीमध्ये. येमेनला १९९० मध्ये जी शिक्षा झाली तिच्यापुढे हे केवळ नाक मुरडणे होते. भय ओसरले होते, ही गोष्ट सहा लहान देशांनी ओळखली.

तुर्कस्तानची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथून ६२ हजार अमेरिकी सैनिकांनी उत्तर इराकमध्ये उतरावे अशी योजना होती. त्याबदल्यात ६ अब्ज डॉलरचे अनुदान आणि शिवाय मोठी कर्जे देऊ केली होती. १ मार्च २००३ रोजी तुर्की संसदेत मतदान झाले. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मते अधिक. परंतु उपस्थितांच्या बहुमतास २६७ हवी होती. तीन मतांनी प्रस्ताव पडला. अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनची सामग्री भूमध्य समुद्रात जहाजांवर वाट पाहत होती. तिला वळसा घेऊन कुवेतला जावे लागले. १९९० मध्ये ओझाल या एका माणसाचे मन वळविणे पुरले होते. २००३ मध्ये संसदेला वळविणे भाग होते, आणि जनमत उघडपणे विरुद्ध होते. वाटाघाटीत देण्याघेण्याची चर्चा इतकी जाहीर झाली की ‘आपले मत विकत घेतले जात आहे’ ही भावना तुर्की लोकांत बळावली. किंमत मोजणे वेगळे आणि मोल चव्हाट्यावर करणे वेगळे.

१७ मार्चला दुसरा ठराव गुंडाळला गेला. त्याच दिवशी ब्रिटिश मंत्री रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला. १८ मार्चला ब्रिटिश संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धास संमती दिली. त्याच दिवशी अमेरिकेने तीस ‘इच्छुक’ देशांची यादी प्रसिद्ध केली. आणखी पंधरा देश नाव न सांगण्याच्या अटीवर बरोबर आहेत, असेही सांगितले. नाव न सांगता मैत्री करणारा मित्र, हा प्रकार मुत्सद्देगिरीत नवा होता. यादी पुढे वाढत गेली. तीत आइसलंड, पलाऊ, मार्शल बेटे असे स्वतःचे सैन्य नसलेले देश होते. सॉलोमन बेटांच्या पंतप्रधानांनी आपल्याला या नोंदीची कल्पनाच नसल्याचे सांगितले. कोस्टा रिकाने १९४० च्या दशकाअखेरीस सैन्य विसर्जित केले होते. तेथील घटनात्मक न्यायालयाने २००४ मध्ये देशाचे नाव यादीतून काढावयास लावले. यादी आणि मोट यांत भेद आहे तो असा. यादीतील नावाला वजन नसते. मोटेतल्या वस्तूला असते, आणि म्हणूनच ती उचलताना कष्ट पडतात.

२० मार्चला सुरू झालेल्या युद्धात बगदाद तीन आठवड्यांत पडले. त्यानंतर मोट राखण्याची वेळ आली आणि ती कणाकणाने झिजली. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत स्फोट झाले; तीन दिवसांनी निवडणूक झाली, सत्तांतर झाले आणि नवे पंतप्रधान सापातेरो यांनी सुमारे १,३०० सैनिक परत बोलाविले. जुलै २००४ मध्ये ओलीस धरलेल्या एका फिलिपिनो वाहनचालकाच्या प्राणासाठी फिलिपिन्सने आपले ५१ सैनिक माघारी नेले. जपानने समावा येथे सुमारे ६०० सैनिक ठेवले, परंतु घटनेच्या बंधनामुळे त्यांच्या रक्षणाचे काम आधी डच आणि नंतर ऑस्ट्रेलियन सैनिकांकडे होते. प्रत्येक तुकडीची निराळी अट, निराळी मुदत, निराळी संसद. विनाशकारी शस्त्रे सापडली नाहीत, आणि ज्या कारणासाठी मोट बांधली ते कारणच नाहीसे झाले.

या मोटेत यावे, असा आग्रह भारतालाही झाला. त्या काळात आपल्या संसदेत एक प्रसंग घडला. भाषेच्या अभ्यासकांनी तो ध्यानात ठेवावा. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकवरील लष्करी कारवाईविरुद्ध एकमताने ठराव केला. विरोधी पक्षांना ‘कंडेम’ हा कठोर इंग्रजी शब्द हवा होता. शासनाला तो नको होता. अखेर हिंदी ठरावात ‘निंदा’ हा शब्द आला आणि इंग्रजी पाठात त्याच्या जागी ‘डिप्लोर’ हा सौम्य शब्द बसला. ‘निंदा’ या शब्दात दोन्ही पक्षांना आपापला अर्थ दिसला. १४४१ क्रमांकाच्या ठरावाने जे साधले तेच येथे झाले. मात्र फरक महत्त्वाचा. तेथे संदिग्धतेच्या आडून युद्ध झाले, येथे संदिग्धतेच्या आधाराने संसद एकमुखी राहिली. त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये सुमारे एक डिव्हिजन, म्हणजे पंधरा हजारांहून अधिक सैनिक, पाठविण्याची विनंती केली. देशात अनुकूल मतेही होती. मोठ्या शक्तीच्या पंगतीत बसण्याचा मोह होता. १४ जुलै २००३ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने निर्णय दिला: संयुक्त राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश असता तर विचार करता आला असता. नकार नम्र होता, दार बंद केलेले नव्हते, पण नकार होता. पुढील वर्षांत भारत-अमेरिका संबंध बिघडले नाहीत, वाढले. नाही म्हणणाऱ्याचे नेहमीच नुकसान होते, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

६ जुलै २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सर जॉन चिलकॉट यांच्या चौकशी समितीचा बारा खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्ध पत्करले गेले, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यात ब्लेअर यांनी २८ जुलै २००२ रोजी बुश यांना लिहिलेली टिपणी आहे. काहीही झाले तरी आपण सोबत राहू, या आशयाच्या वाक्याने तिची सुरुवात होते. पुढे त्याच टिपणीत अटी आणि अडचणी येतात. परंतु पहिल्या वाक्याने त्यांतील बळ आधीच काढून घेतले होते. सर्वांत जवळच्या मित्राजवळ असलेले सर्वांत मोठे साधन म्हणजे त्याचा संभाव्य नकार. ते ब्लेअर यांनी आठ महिने आधी देऊन टाकले. १९९१ मध्ये फाहद यांनी, मुबारक यांनी, असद यांनी ते शेवटपर्यंत हाती ठेवले होते. म्हणून त्यांच्या अटींना वजन होते आणि युद्धाला सीमा होती.

यापुढेही जगात अशा मोटी बांधल्या जातील, आणि प्रत्येक वेळी देशांची संख्या सांगितली जाईल. ती संख्या वाचणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत. यांपैकी कोणाला नकार देता आला असता, आणि दिला असता तर युद्धात काय बदलले असते? आणि ही मोट जेथे थांबणार आहे, त्या सीमेच्या पलीकडे कोण उभे आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर २००३ च्या यादीत मिळत नाही. दुसऱ्याचे उत्तर १९९१ च्या विजयोत्सवात कोणी दिले नाही, ते बसऱ्यात आणि कुर्दांच्या डोंगरांत मिळाले. जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव खंड जपणाऱ्या ग्रंथालयांत या दोन्ही वर्षांची पाने शेजारीशेजारी ठेवून वाचता येतात. तसे वाचणारा सभासद पुढच्या यादीने सहसा फसणार नाही.